तिसऱ्या रांगेतला दादा

लुआ आत्याला दोन भाऊ आहेत, असं धरूनच आमचं गाव चालतं. थोरला थुअन, सख्खा. सदुसष्ट साली फौजेबरोबर दक्षिणेला गेला आणि पाच वर्षांनी घरी एक कागद आला: ‘दक्षिणेच्या आघाडीवर वीरमरण.’ कुठल्या गावी, कुठल्या नदीकाठी, कोणी पुरलं, काही नाही. आघाडी म्हणजे काय शेजारचं शेत आहे, की बांधावर उभं राहून बघून यावं? आत्याची आई तो कागद उशाखाली ठेवून झोपायची आणि तशीच गेली.

दुसरा भाऊ अगदी परवापर्यंत गावातच होता. हुतात्म्यांच्या स्मशानात, तिसऱ्या रांगेत, अगदी शेवटी. दगडावर कोरलेलं, ‘नाव अद्याप अज्ञात’. दर महिन्याच्या पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला आत्या तिथे जायची, उदबत्त्या लावायची, हिरव्या पानांचा चहा ओतायची, गवत उपटायची आणि गावातल्या सगळ्या भानगडी त्याला सांगायची. तो सख्खा नाही, मानलेला. असा भाऊ का मानला, हे मात्र तिने तीस वर्षं कोणाला कळू दिलं नाही.

खुआत मामा, म्हणजे आमच्याकडच्या माजी सैनिकांचे म्होरके, तिला चिडवायचे. “लुआ, तुझा हा भाऊ नववर्षाला जेवायला येतो का गं?”

“येतो. तुमच्यासारखा चार वाट्या दारू मागत नाही. उदबत्ती घेतो आणि गप बसतो.”

ह्या भावाची गोष्ट अमेरिकनांपासून सुरू होते. आमच्याकडच्या बऱ्याच गोष्टी तिथूनच सुरू होतात, त्याला आमचा इलाज नाही.

चौऱ्याण्णव साल होतं. ज्यांनी आमच्या टेकड्यांवर इतके बॉम्ब टाकले की आजही निम्मं गाव त्या खड्ड्यांत बदकं पाळतं, तेच अमेरिकन परत आले. ह्या खेपेला फावडी आणि चाळण्या घेऊन. त्यांचं एक विमान आमच्या मागच्या टेकडीवर कोसळलं होतं आणि वैमानिकाची हाडं त्यांना घरी न्यायची होती. तोवर हनोई आणि वॉशिंग्टन एकमेकांशी धड बोलत नव्हते. लढाई संपून एकोणीस वर्षं झाली तरी त्यांनी आमची नाकेबंदी धरून ठेवली होती, कापडापासून औषधापर्यंत सगळ्याचे वांधे. आधी आमची हरवलेली माणसं शोधून द्या, मग पुढचं बघू, हा त्यांचा हेका. त्याच वर्षी नाकेबंदी उठली, पुढल्या वर्षी वकिलाती उघडल्या. पेपरात मोठ्या लोकांचे हात मिळवतानाचे फोटो आले. चाळण्या हलवून ज्यांचे खांदे गेले, त्या आमच्या बायकांचा फोटो कुठेच नव्हता.

काम असं होतं. वर टेकडीवर पुरुष खणायचे. बादल्या हातोहात खाली यायच्या, कुठल्या खड्ड्याची ते ओरडून सांगत. खाली बायका लाकडी चौकटीच्या टांगलेल्या चाळण्यांवर ती माती चाळायच्या. दगड आणि मुळं सोडून चाळणीत जे काही राहील, नखाएवढं असलं तरी, ते टेबलावर नेऊन द्यायचं, असा नियम. टेबलामागे त्यांचा हाडांचा जाणकार बसायचा. उंच, वाळका, सदा घामाघूम. बायकांनी त्याचं नाव बांबूसाहेब ठेवलं होतं. पुढे त्याला ते नाव कळलं, तर खूश झाला म्हणे. त्याच्या बाजूला आमच्यातर्फे खुआत मामा वही घेऊन.

नवव्या दिवशी लुआ आत्याच्या चाळणीत टायरच्या चपलेचा तळ आला, आमचे सैनिक घालायचे तसल्या. तो तिने नेऊन दिला. पुढल्याच बादलीत बोटाएवढी काचेची कुपी निघाली. पेनिसिलिनची, रबरी बूच घट्ट बसलेलं.

ती कसली, हे तिला बघताच कळलं. आमच्या सैनिकांची रीतच होती. रिकाम्या कुपीत कागदाचा कपटा घालायचा, त्यावर नाव, गाव, तुकडी. सोबती पडला की पुरताना ती कुपी त्याच्या अंगावर ठेवायची, म्हणजे पुढेमागे कोणी खणलं तर माणूस निनावी राहू नये. आणि दक्षिणेची वाट आमच्या टेकडीखालूनच तर जायची. कोणी सांगावं, थुअन दूर गेलाच नसेल. घरापासून हाकेच्या अंतरावर पडला असेल आणि आई जन्मभर दक्षिणेकडे तोंड करून रडली असेल.

आत्याने कुपी कमरेला खोचली.

चोरी करायची तिच्या मनात नव्हती. पण मेलेल्या माणसाचं नाव परक्यापुढे, उन्हात, टेबलावर वाचायचं नसतं, ही तिच्या आईची शिकवण. आधी पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावायची, त्यांना हाक मारायची, मग नाव उच्चारायचं. तेवढं करून संध्याकाळी कुपी परत नेऊन देऊ, असा तिचा हिशोब. दुपारच्या सुट्टीत ती घरी धावली, हातपाय धुतले, उदबत्ती लावली, आईला म्हणाली, “आई, दादा आलाय बहुतेक.” आणि बूच काढलं.

आतली गुंडाळी तपकिरी झाली होती, पण शाबूत होती. तिने ती तळहातावर झटकून घेतली आणि नखाने उलगडायला गेली. पंचवीस वर्षं कोंडलेल्या त्या कागदाला वारा लागला आणि तिचं बोट लागलं. कागद तिच्या डोळ्यांदेखत भुगा झाला. एक अक्षर दिसलं नाही. कोणाचा होता तो, थुअनचा की कोणा दुसऱ्या आईच्या लेकाचा, तेही कळलं नाही. आत्याने तो भुगा जसाच्या तसा कुपीत भरला, बूच लावलं आणि कुपी देव्हाऱ्यातल्या उदबत्तीच्या भांड्यामागे ठेवून दिली. नेऊन कशी देणार? काय म्हणून देणार?

दुसऱ्या दिवशी वर हाडं निघाली. दुसऱ्या चपलेचा तळही निघाला. बांबूसाहेबाने मांडीचं हाड मोजलं आणि म्हणाला, हा आमचा नाही, तुमचा आहे. हाडं गावाच्या ताब्यात आली. हाडं धुवायचं काम आत्याचं, कारण तिचा हात त्यात बसलेला होता. आमच्याकडे पुरलेला माणूस काही वर्षांनी वर काढून, धुऊन, पुसून पुन्हा नीट ठेवतात आणि गावातल्या निम्म्या घरांची माणसं तिनेच धुतली आहेत. चक्रीफुलाच्या पाण्याने आणि तांदळाच्या दारूने तिने त्याचं एकेक हाड धुतलं. डाव्या मनगटाशी तिचं बोट थबकलं. तिथे लहानपणी कधीतरी मोडून वाकडं जुळलेलं होतं. थुअनचं मनगट कधी मोडलं नव्हतं. तेव्हा तिला कळलं की हा कोणी दुसराच आहे आणि ह्याचं नाव आपण घालवलं. बाजूला खुआत मामा वहीत लिहीत होते: ‘ओळख पटेल अशी वस्तू आढळली नाही.’ खाली सही.

अशी ती त्याची बहीण झाली.

मधली वर्षं मी सांगत बसत नाही. नवरा गेला, मुली सासरी गेल्या, गावात वीज आली. तेवीस साली कोरड्या दिवसांत अमेरिकन पुन्हा आले, त्याच टेकडीवर. मागच्या वेळी त्यांना एकच दात सापडला होता, तेवढ्यावर त्यांचं भागलं नव्हतं. आता टेबलामागे बाई होती, हॉलिस नावाची, पिकल्या केसांची. दुभाषी म्हणून आत्याच्या दिराची मुलगी दिएप. ती गावच्या सरकारी कचेरीत कामाला, इंग्रजी शिकलेली.

दिएपनेच एका दुपारी जेवताना बातमी आणली. “काकी, आता अमेरिका आपल्या हरवलेल्यांसाठीपण यंत्रं आणि शिकवणारी माणसं देतेय. हाडाच्या तुकड्यावरून नातेवाईक ओळखतात. डीएनए.”

“आपल्या म्हणजे कोणाच्या?”

“आपल्या सैनिकांच्या. तीन लाख माणसांचा पत्ता नाही आपल्या. आपल्या स्मशानातली पाच थडगी आधी उघडायची म्हणतायत.”

“तिसऱ्या रांगेतलं शेवटचं?”

“ते नाही गं. ज्यांची काहीतरी माहिती आहे तीच आधी. त्याच्या कागदावर तर काहीच नाही लिहिलेलं.”

आत्याने भाताची वाटी खाली ठेवली. ती वाटी मग तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कुपी रुमालात बांधली आणि दिएपला पुढे घालून टेकडी चढली. हॉलिसबाई आणि खुआत मामा टेबलाशी बसले होते.

“तिला सांग, मी चोर आहे.”

“काकी, असं कसं सांगू मी?”

“माशाचा भाव सांगतेस तसं सांग.”

दिएपने सगळं सांगितलं. हॉलिसबाईने हातमोजे चढवले, कुपी उजेडात धरली, आतला भुगा बघितला. मग एवढंच विचारलं, “ही कुठल्या खड्ड्यातून आली, आठवतं?”

आठवतं का म्हणे. आत्या उठली, चढण चढून गेली आणि फणसाच्या जुन्या बुंध्यापासून चार पावलं खाली जाऊन उभी राहिली. हॉलिसबाईने तिथे खुंटी ठोकली. विमानविरोधी तोफेचा खड्डा तिथून दहा हातांवर होता. म्हणजे माणूस तोफेवरचा, पुरला तो सोबत्यांनी, आणि ती तोफ कुठल्या तुकडीची हे हनोईच्या कागदांत असणारच.

आत्याला मात्र एवढ्यावर गप्प बसवेना. “हिला विचार, तीस वर्षं तुमच्या एका माणसासाठी आमची टेकडी चाळताय. आमच्या माणसांसाठी चाळणी कधी आणणार होता?”

हॉलिसबाईने हातमोजे काढून ठेवले. “फार आधी आणायला हवी होती,” ती म्हणाली. “माझ्या हातात नव्हतं.”

“मग कोणाच्या हातात होतं?”

“आमच्या सरकारच्या.”

“त्या सरकारात कोणाला भाऊ नाहीत वाटतं?”

हे दिएपने भाषांतर केलंच नाही. पण हॉलिसबाईला समजलं असावं, कारण तिने मान खाली घातली.

खुआत मामा मात्र पेटले. ऐंशीचा म्हातारा, काठी आपटत म्हणाला, “माझ्या सहीला खोटं पाडलंस. तीस वर्षं मी त्या स्मशानाचं वहीखातं सांभाळतोय आणि तू समोर बसून चहा ओततेस.” ते महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. समोरून आली की बोळ बदलायचे. महिन्याने स्वतःच तिच्या ओसरीवर आले, नवा कागद घेऊन. त्यात लिहिलं होतं की मागची नोंद चुकीची होती, कुपी सापडली होती, गावातल्या एका बाईकडून अनवधानाने ती उघडली गेली.

“तुझं नाव नाही घातलं,” ते भिंतीकडे बघत म्हणाले.

“घाला. एका माणसाचं नाव मी घालवलं. माझं तरी असू दे तिथे.”

त्यांनी नाव घातलं, सही केली आणि चहा मागितला. थडगं उघडलं, हाडाचा तुकडा हनोईला गेला. त्याच दिवशी आत्याच्या गालाच्या आतून कापसाने थुंकी घेतली, थुअनसाठी. तुकडीच्या यादीत अकरा माणसं बेपत्ता निघाली, तीन प्रांतांतली. त्यांच्या घरच्यांकडूनही थुंकी मागवायची ठरलं. काम सुरू झालं असं आम्हाला वाटलं.

आणि पंचवीस सालच्या आरंभी सगळं ठप्प. दिएप म्हणाली, अमेरिकेत नवं सरकार आलंय, परदेशाला द्यायचे पैसे त्यांनी अडवून धरलेत, काय द्यायचं आणि काय नाही ते तपासून बघणार आहेत.

“बॉम्ब टाकताना नाही तपासलं ते,” आत्या म्हणाली.

बोलायला ती अशी, पण त्या दिवसांत खचली. तुकडा कुठल्याशा कपाटात पडून, थडगं अर्धवट बुजवलेलं, आणि तिला रात्रंदिवस खोकला. आपण मरू आणि हा असाच राहील, हे तिच्या मनाने घेतलं. दर सोमवारी कचेरीत जाऊन दिएपच्या टेबलापुढे बसायची. “वॉशिंग्टनला फोन लाव.” “काकी, तिकडे आपला फोन कोण उचलणार?” “मग हॉलिसला लाव. ती तरी उचलेल.” दिएपने पत्र पाठवलं. हॉलिसबाईचं उत्तर आलं, तीन ओळींचं: मीही इथे रोज विचारतेय, हार मानलेली नाही, त्यांनी तब्येत जपावी. आत्याने तो कागद थुअनच्या कागदाशेजारी लावला आणि स्मशानात जाऊन सांगून आली, “दादा, थांब थोडा. तुझी चौकशी अडकलीय, बंद नाही झालेली.”

काही महिन्यांनी ती चौकशी सुटली. कोणाच्या पत्राने, कोणाच्या भेटीने, आम्हाला काय ठाऊक. इतक्या दूरची एक सही हलली आणि आमच्या तिसऱ्या रांगेतला दगड हलला, एवढं खरं.

भाताची कापणी आटोपत आली तेव्हा दिएप सायकल टाकून धावत आली. नाव मिळालं होतं. दोआन चोंग खिएम. थाय बिन्ह प्रांतातला, अठ्ठेचाळीसचा जन्म. मागे बहीण एकटीच उरलेली, मूई नावाची, चौऱ्याहत्तरची.

मूई आली ती लहानशा गाडीतून, जावयाला घेऊन. बुटकी, ताठ, दात सुपारीने काळे झालेले. आत्याने तिला पाणीही नीट विचारलं नाही. आधी कुपी पुढे केली आणि सगळं सांगून टाकलं. “मी उघडली नसती तर तो तेव्हाच घरी गेला असता. तुमची आई तेव्हा होती का?”

“होती,” मूई म्हणाली. “आणखी सहा वर्षं होती.”

मूई कुपी हातात फिरवत बसली. मग तिने विचारलं, “कुठे उघडलीस?”

“इथेच. देव्हाऱ्यापुढे. उदबत्ती लावून.”

“आणि तेव्हापासून ही इथेच होती?”

“इथेच.”

“मला वाटायचं तो कुठेतरी रानात, पावसात पडलाय,” मूई म्हणाली. “तर तो घरात होता.” आणि तिने पदरासारखी गळ्यातली ओढणी डोळ्यांना लावली.

हाडं पुन्हा काढली तेव्हा धुवायला दोघी बसल्या. आत्याने डावं मनगट तिच्या बोटाखाली दिलं. “हे बघा. वाकडं जुळलंय.” मूई ते धरून बसली आणि रडता रडता हसायला लागली. “सुपारीच्या झाडावरून पडला होता. चढायला मीच लावलं होतं. आईला सांगितलं, म्हशीने ढकललं.” खुआत मामा वही मिटून बाहेर जाऊन उभे राहिले. त्यांनी वहीत त्या दिवशी मनगटाचीही नोंद केली आहे, मी बघितली आहे.

आमच्याकडे मेलेल्याला घरी नेताना वाटेतला प्रत्येक पूल त्याला सांगावा लागतो, नाहीतर जीव अलीकडच्या काठावर बिचकून थांबतो. थाय बिन्हपर्यंत नद्या मोजता येणार नाहीत इतक्या. मूई म्हणाली, “पहिल्या पुलापर्यंत तू चल. त्याला तुझा आवाज ओळखीचा आहे.”

झान नदीचा पूल आला. आत्याच्या मांडीवर लाल कापडात गुंडाळलेली पेटी. तीस वर्षं तिने त्याला नुसतं दादा म्हटलं होतं. ती खाली वाकली आणि म्हणाली, “खिएम दादा, पूल आला. झान नदी. सांभाळून. घरी चाललायस तू.”

पलीकडच्या काठाला गाडी थांबली. मूईने तिच्याकडून थुअनचं पूर्ण नाव आणि गाव कागदावर लिहून घेतलं, रोजच्या उदबत्तीच्या वेळी घ्यायला. “दक्षिणेत कोणीतरी त्याच्यापुढे चहा ओतत असेल,” ती म्हणाली. “असतेच कोणीतरी.” गाडी गेली. बसची वाट न बघता आत्या पायीच परत निघाली. पूल लांब, वारा मोकळा, शंकूच्या आकाराची टोपी एका हाताने धरलेली. मध्यावर आल्यावर ती थांबली. थुअनसाठी दिलेल्या थुंकीची नोंद हनोईत होती, काम सुरू होतं, आणि तो येईल तेव्हा दक्षिणेकडूनच येईल, वाटेत पूलच पूल. आपल्याला पूल सांगायची सवय असलेली बरी, असं तिला वाटलं.

“थुअन दादा,” ती म्हणाली, “पूल आला.”